नीळ : शब्द आणि शेत



धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांना शेवटच्या पाण्यात थोडी नीळ देण्याची रीत महाराष्ट्रातल्या घराघरांत होती आणि पुष्कळ ठिकाणी ती अजूनही आहे. कपडा पांढरा दिसावा म्हणून त्याला निळा रंग द्यायचा, यातली विसंगती कोणाला खटकत नाही. दुसरी विसंगती तर लक्षातही येत नाही. पुडीतली ती नीळ बहुधा नीळ नसतेच. माती, सोडा आणि गंधक भाजून कारखान्यात केलेले ते एक वेगळेच रंगद्रव्य असते. ज्या झुडपामुळे तिला हे नाव मिळाले ते झुडूप बहुतेक शेतांतून केव्हाच गेले. शब्द मात्र राहिला, आणि तो राहिला तो केवळ मराठीत नव्हे.

संस्कृतातला ‘नील’ हा शब्द आजच्या ‘निळा’ एवढा नेमका नव्हता. गडद, काळसर, भरून आलेल्या मेघासारखे जे जे, ते सारे नील. नीलकंठाचा कंठ काळा की निळा, हा वाद म्हणूनच व्यर्थ आहे. मार बसलेले अंग मराठीत ‘काळेनिळे’ होते, तेव्हा ती जुनी जवळीक अजून जागी आहे असेच म्हटले पाहिजे. झुडपाला ‘नीली’ म्हणत. मराठीत त्या झाडाला व त्याच्या रंगाला ‘गुळी’ हा आणखी एक शब्द होता. तो आता शब्दकोशापुरता उरला आहे. आणि आज महाराष्ट्रात ‘निळा’ म्हटले की लक्षावधी लोकांच्या डोळ्यांपुढे प्रथम उभा राहतो तो झेंडा. १९४२ साली स्थापन झालेल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनपासून तो रंग दलित चळवळीचा झाला. शब्दाला अर्थ शब्दकोशकार देत नाहीत, तो माणसे देतात, याला याहून जवळचा दाखला शोधायला नको.

पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झालेल्या ग्लॅडस्टन यांनी १८५८ साली होमरवर मोठा ग्रंथ लिहिला आणि त्या महाकवीला निळ्यासाठी धड शब्दच नाही याकडे लक्ष वेधले. प्राचीन ग्रीकांची रंगदृष्टीच अविकसित असावी, असा त्यांचा तर्क होता. तो टिकला नाही. जपानी भाषेतला ‘आओ’ हा जुना शब्द निळ्याला आणि हिरव्यालाही चालतो, तर रशियन भाषेत गडद निळ्याला आणि फिक्या निळ्याला दोन स्वतंत्र शब्द आहेत. म्हणून जपान्यांची दृष्टी अधू ठरत नाही. रंग वेगळा काढून हाताळावा, विकावा, विकत घ्यावा लागला की त्याला स्वतंत्र नाव मिळण्याची गरजही वाढते. निळीच्या बाबतीत तरी शब्दाच्या पुढे नेहमी व्यापारी चाललेला दिसतो.

हा माल पश्चिमेकडे दोन नावांनी गेला. ग्रीकांनी त्याला ‘इंडिकॉन’, म्हणजे नुसते ‘हिंदी’, हिंदुस्थानचे, म्हटले. लॅटिनमध्ये त्याचे ‘इंडिकम’ झाले आणि त्यातून युरोपचा ‘इंडिगो’ आला. दुसरी वाट फारसीची. फारसीतले ‘नील’ अरबांनी घेतले, त्याला आपले उपपद जोडून ‘अन्-नील’ केले, आणि त्या रूपातून स्पॅनिश ‘आन्यिल’ व पोर्तुगीज ‘अनिल’ हे शब्द निघाले. (मराठीतल्या वाऱ्याच्या अनिलाशी याचे नाते नाही.) युरोपातल्या ‘वोड’ या निळ्या रंगाच्या पिकाचे शेतकरी या परक्या मालाने धास्तावले, आणि सोळाव्या-सतराव्या शतकांत तिथल्या राज्यकर्त्यांनी त्यावर बंदी घालून पाहिली. सैतानाचा रंग अशी त्याची संभावना झाली. बंदी टिकली नाही. कॅरिबियन बेटांत आणि दक्षिण कॅरोलिनात गुलामांच्या कष्टावर निळीचे मळे उभे राहिले.

‘अनिल’ची कथा येथे संपत नाही. १८४० साली फ्रिट्शे या रसायनशास्त्रज्ञाने नीळ दाहक पोटॅशबरोबर तापवून एक तेलकट द्रव मिळवला आणि त्याला ‘ॲनिलिन’ हे नाव दिले. तोच द्रव दगडी कोळशाच्या डांबरातही आहे हे लवकरच सिद्ध झाले. १८५६ साली पर्किनने अशुद्ध ॲनिलिनपासून जांभळा रंग बनवला आणि कृत्रिम रंगांच्या उद्योगाला तेथून भरती आली. जर्मनीत १८६५ साली जी कंपनी निघाली तिचे नावच ‘बाडिशे ॲनिलिन उंड सोडा फाब्रिक’. छायाचित्रांच्या फिल्मवरून घरोघरी माहीत झालेल्या ‘ॲग्फा’ या नावातला शेवटचा ‘अ’देखील ॲनिलिनचाच. संस्कृतातला एक शब्द असा जर्मन भांडवलाच्या पाटीवर जाऊन बसला. बायर यांनी १८८० मध्ये प्रयोगशाळेत नीळ तयार केली. १८९७ मध्ये त्याच बाडिशे कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली. त्या सुमारास जगात झाडाची नीळ सुमारे १९ हजार टन निघत होती. १९१४ पर्यंत ती जेमतेम एक हजार टनांवर आली. आज जीन्सच्या कापडाला लागणारी नीळ मुख्यतः ॲनिलिनपासूनच बनते. निळीच्या पोटी जन्मलेल्या द्रव्याने निळीलाच जन्म द्यावा, असे हे उलटे नाते आहे.

पण जो ही नीळ पिकवीत होता त्याचे काय?

बंगालमध्ये ‘नीलकर’ हा शब्द उच्चारताना रयतेचा थरकाप होत असे. नीलकर म्हणजे गोरा मळेवाला. तो ‘दादन’ म्हणजे आगाऊ रक्कम रयतेच्या गळ्यात बांधी आणि भाताच्या उत्तम जमिनीत नीळ पेरायला लावी. हिशेब त्याचा, माप त्याचे, आणि कर्ज बापाकडून मुलाकडे. पाला हौदात कुजवायचा, मग मजुरांनी त्या दुर्गंधी पाण्यात उभे राहून ते घुसळायचे, तेव्हा कुठे निळा गाळ तळाशी बसे. १८५९ साली नदिया जिल्ह्यात रयतेने पेरणीच नाकारली. पुढच्या वर्षी सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला, आणि दीनबंधु मित्र यांचे ‘नीलदर्पण’ हे नाटकही त्याच वर्षी आले. त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केल्याबद्दल पाद्री जेम्स लाँग यांना १८६१ मध्ये एक महिना कैद आणि हजार रुपये दंड झाला. दंड भरला कालीप्रसन्न सिंह यांनी.

बंगालमध्ये पाय निसटल्यावर या धंद्याने बिहारमध्ये ठाण मांडले. चंपारणात ‘तीनकठिया’ होती : वीस कठ्ठ्यांच्या बिघ्यात तीन कठ्ठे नीळ लावलीच पाहिजे. जर्मन रंगाने भाव पडले तेव्हा मळेवाल्यांनी आपले नुकसान कुळांच्या माथी मारले. निळीच्या सक्तीतून मोकळे करतो म्हणून कोठे खंड वाढवला, त्याचे नाव ‘शरहबेशी’. कोठे एकरकमी पैसे उकळले, त्याचे नाव ‘तावान’. फारसीत तावान म्हणजे नुकसानभरपाई. म्हणजे ज्याच्यावर सक्ती झाली त्यानेच, सक्ती करणाऱ्याला, सक्ती संपल्याची भरपाई द्यायची! पुढे महायुद्धात जर्मन माल बंद होऊन भाव चढले, तेव्हा त्याच कुळांना पुन्हा नीळ लावायला सांगण्यात आले.

राजकुमार शुक्ल हे कुळांपैकीच एक. १९१६ च्या डिसेंबरात लखनौ काँग्रेसमध्ये त्यांनी गांधीजींना गाठले आणि ते येईपर्यंत पिच्छा सोडला नाही. एप्रिल १९१७ मध्ये गांधीजी चंपारणात आले. हजारो कुळांच्या जबान्या लिहून घेतल्या गेल्या. चौकशी समितीपुढे मळेवाल्यांनी तावानाची पंचवीस टक्के रक्कम परत करण्याचे मान्य केले आणि गांधीजींनी तेवढ्यावर तडजोड केली. एवढ्यावर का थांबले, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. साहेबाने घेतलेला पैसा साहेबालाच परत द्यावा लागतो, हे चंपारणच्या कुळाने त्यापूर्वी कधी पाहिले नव्हते. १९१८ च्या कायद्याने तीनकठिया बंद झाली. उरलेले पंचाहत्तर टक्के कोणाला परत मिळाले नाहीत.