दोघांचीही तपासणी करा
(महिला मेळाव्यात एका परिचारिका भगिनीने केलेले भाषण)



तुमच्या देणग्यांवर चालणाऱ्या दवाखान्याच्या गाडीतून मी कळमनुरी आणि औंढा तालुक्यांतल्या आंध वस्त्यांवर जाते. ताप, खोकला, बाळंतपण याबद्दल बाया मोकळेपणी बोलतात. एक दुखणं मात्र गाडी निघता निघता हळूच कानात सांगतात, "सिस्टरबाई, मला दिवस जाईनात."

अशीच एक बाई. लग्नाला सहा वर्षं झालेली. दोन हंगाम नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाऊन आलेली. अंगारा झाला, उतारा झाला, उसने पैसे काढून दवाखाने झाले. ओटी भरायला तिला कोणी बोलवत नव्हतं. सासू मुलासाठी दुसरी मुलगी बघत होती. मी तिचे सगळे कागद पाहिले. प्रत्येक तपासणी तिचीच होती, आणि तिच्यात दोष सापडलेला नव्हता. नवऱ्याला एकदाही कोणी तपासलं नव्हतं.

बंधू-भगिनींनो, मूल राहण्यासाठी बाईचं बीज वेळेवर तयार व्हावं लागतं, गर्भनलिका मोकळी असावी लागते, गर्भाशय निरोगी असावं लागतं आणि पुरुषाचे शुक्रजंतू पुरेसे व सशक्त असावे लागतात. यातलं एक जरी बिघडलं तरी पाळणा हलत नाही.

बीज तयार करण्याचा हुकूम मेंदूतली एक लहानशी ग्रंथी देते. तो हुकूम रक्तातून जातो, त्यालाच आपण हार्मोन म्हणतो. थायरॉईड मंदावलं की पाळी बिघडते. ते रक्ताच्या एका तपासणीत कळतं आणि रोजच्या गोळीने आटोक्यात येतं. काही मुलींची पाळी दोन-तीन महिने लांबते, हनुवटीवर केस येतात, वजन वाढतं. त्याला पीसीओएस म्हणतात, त्यावरही उपचार आहेत. आमच्या वस्त्यांवर उलटंही दिसतं. पोटाला कमी आणि अंगावर कष्ट फार, अशा हडकुळ्या पोरींची पाळीच थांबते.

गर्भनलिका बहुतेक वेळा जंतुसंसर्गाने बंद होते. अस्वच्छ बाळंतपण किंवा गर्भपात, लैंगिक संबंधातून येणारे रोग ही त्याची कारणं. आणि क्षयरोग! खोकला नसतानाही क्षय गर्भनलिकेत आणि गर्भाशयात घर करतो. क्षयाची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, पण वेळेवर गेलं पाहिजे.

बाया वेळेवर का जात नाहीत? गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ती 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. इतकी वर्षं झाली, तरी आमच्याकडे अंगावरून पांढरं जाणं हे आजही बाईच्या जातीचं भोगणं समजलं जातं.

आता पुरुषांकडे येते. मूल न होणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडेही कारण असतं. वयात आल्यावर झालेले गालगुंड, अंडकोषाच्या फुगलेल्या शिरा, जुना संसर्ग, हार्मोनची कमतरता, दारू, तंबाखू. पुरुषाची पहिली तपासणी अगदी सोपी असते. ना सुई, ना भूल.

त्या बाईचा नवरा आधी चिडला. "मला काय झालंय? मी काय मर्द नाय का?" तीन फेऱ्यांनंतर तो तयार झाला. शुक्रजंतू फारच कमी निघाले. सोळाव्या वर्षी गालगुंड झाले होते आणि खाली सूज आली होती, हे त्याला तेव्हा आठवलं. परतीच्या वाटेवर तो एक शब्द बोलला नाही. पुढच्या खेपेला बायकोनेच सांगितलं, "आईला म्हणाले, दुसरी आणायची नाय. कारण नाय सांगितलं." त्यांना अजून मूल नाही, उपचार चालू आहेत. पण तिच्या घरात सवत आली नाही.

हन्नेची गोष्ट आपल्याला पाठ आहे. मंदिरात ती ओठ हलवत रडत होती आणि एली याजकाला वाटलं, ही प्यालेली आहे. देवाच्या घरातल्या माणसालाही तिचं दुःख आधी ओळखता आलं नाही. आपणही मंडळीत नव्या सुनेला सहज विचारतो, "काही गोड बातमी?" कृपा करून ते विचारणं थांबवू या.

वर्षभर प्रयत्न करूनही दिवस गेले नाहीत, तर नवरा-बायको दोघांनीही तपासणीला जावं. बाईचं वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच जावं. आपल्या घरातल्या मुलांना हे सांगा. वस्तीवरच्या जोडप्याला हिंगोली किंवा नांदेडला जायचं म्हणजे दोघांची एक दिवसाची मजुरी आणि बसभाडं जातं. तुमच्या देणगीतला काही भाग त्यासाठी ठेवावा, एवढीच माझी विनंती आहे. आणि प्रार्थनेत त्या दोघांची आठवण ठेवा.