खर्ड्याच्या छावणीत जे राहून गेले

(रिसोड येथील व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



इतिहासात जर-तरला स्थान नाही, असे म्हणतात. तरीही ज्या समाजाला आपले भवितव्य घडवायचे आहे, त्याने ‘तेव्हा निराळे वागलो असतो तर?’ हा प्रश्न स्वतःला विचारलाच पाहिजे.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील इंग्रजांच्या १३ वसाहती स्वातंत्र्ययुद्ध जिंकल्यावरही विस्कळीतच होत्या. १७८७ साली त्यांचे प्रतिनिधी फिलाडेल्फियात एकत्र बसले, त्यांनी एक राज्यघटना सिद्ध केली आणि वसाहतींचे राष्ट्र झाले. ऑस्ट्रेलियातील ६ वसाहती १ जानेवारी १९०१ रोजी अशाच एक झाल्या. या राष्ट्रांच्या पायाखाली तेथील मूळ रहिवाशांचे उच्चाटन गाडलेले आहे, हे विसरता येत नाही. तो आदर्श नव्हे; घेण्याजोगा आहे तो संघटनेचा धडा.

मराठ्यांची ठाणीही त्या काळी तंजावर, नागपूर, बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर अशी दूरवर पसरली होती. तेथे गेलेली मराठी घरे स्थानिकांत मिसळली. तंजावरच्या बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरला गेला, तर अहल्याबाईंनी काशीविश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभारले. मात्र नाण्याची दुसरी बाजूही पाहावी लागते. नागपूरकरांच्या फौजांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या आणि ‘बर्गी’ हा शब्द तेथील आयांच्या तोंडी मुलांना भेडसावण्यापुरता उरला. जो केवळ चौथाई वसूल करावयास येतो, त्याला बंधू कोण म्हणेल?

मार्च १७९५. खर्ड्याच्या रणांगणावर शिंदे, होळकर, भोसले पेशव्यांच्या निशाणाखाली उभे राहिले आणि निजाम नमला. फिलाडेल्फियाच्या सभेला तेव्हा ८ वर्षे झाली होती. त्या विजयी छावणीतच सर्व सरदारांची कायमची सभा, सामाईक खजिना आणि सर्वांवर बंधनकारक असा एक कायदा ठरला असता तर? ते राहून गेले. ऐक्य होते, पण ते एका मोहिमेपुरते. त्याच वर्षी सवाई माधवराव गेले, १८०० साली नाना फडणवीस गेले आणि व्यक्तींवर उभा असलेला डोलारा कलला.

पुढचा घटनाक्रम वेगवान आहे. ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरला होळकरांनी शिंदे-पेशव्यांचा पराभव केला. वर्षअखेरीस बाजीरावाने वसईचा तह केला. १८०३ साली शिंदे आणि भोसले इंग्रजांशी लढले, तेव्हा होळकर अलिप्त राहिले. बडोद्याचे गायकवाड तर आधीच इंग्रजांशी बांधले गेले होते. असई, अडगाव, गाविलगड असे एकामागून एक पराभव झाले. डिसेंबरात १३ दिवसांच्या अंतराने दोन स्वतंत्र तह झाले: भोसल्यांचा देवगावला, शिंद्यांचा सुर्जी-अंजनगावला.

यांपैकी अडगाव, गाविलगड आणि अंजनगाव ही आपल्या वऱ्हाडातीलच नावे आहेत. वऱ्हाडात तोवर निजाम व भोसले यांची दुअंमली होती. देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा भोसल्यांचा हक्क संपला आणि तो मुलूख निजामाकडे गेला. रिसोडही त्यातच आले. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले आणि १९०२ साली वर्षाला २५ लाख रुपये घेऊन ते कायमच्या पट्ट्याने लिहून दिले. सरदारांच्या भांडणाची किंमत येथील कुणब्याने अशी मोजली. त्याला कोणी विचारलेही नव्हते.

या जर-तरचे उत्तर अखेर इतिहासानेच दिले. २८ मे १९४८ रोजी मध्य भारत संघाचे उद्‌घाटन झाले, तेव्हा ग्वाल्हेरचे शिंदे राजप्रमुख आणि इंदूरचे होळकर उपराजप्रमुख झाले. एकमेकांच्या रक्ताला तहानलेली दोन घराणी सरदार पटेलांच्या काळात एका व्यवस्थेत बसली. खर्ड्यानंतर त्याला १५३ वर्षे लागली.

पराक्रम आपल्याकडे कधीच कमी नव्हता. उणीव होती ती विजयानंतर एकत्र बसण्याची. ती सवय गावात, संस्थेत आणि घरात रुजली, तरच खर्ड्याचा विजय खऱ्या अर्थाने पूर्ण होईल.