आयटीआयची कार्यशाळा : यंत्रे आल्यानंतरचा प्रश्न

पुण्यात 1854 साली 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' निघाले, ते सार्वजनिक बांधकामांसाठी दुय्यम अधिकारी तयार करायला. तेच आजचे सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ. पुढे पदवीचे शिक्षण गणिताकडे आणि कागदाकडे झुकत गेले. हाताचे काम 1950 च्या शिल्पकारागीर प्रशिक्षण योजनेतून आयटीआयकडे आले. इंजिनिअरने आकृती काढायची आणि कारागिराने ती घडवायची, अशी वाटणी झाली. तिचा तोटा दोघांनाही झाला.

आयटीआयच्या फिटर शॉपमध्ये मुलगा व्हाइसमध्ये पोलादाचा तुकडा धरतो, कानशीने घासतो, व्हर्निअरने मोजतो. जॉब तपासला जातो, गुण पडतात, तुकडा भंगारात जातो. यातली कानस जुनी झालेली नाही. सीएनसीवर उभे राहणाऱ्यालाही मिलिमीटरचा दहावा भाग म्हणजे किती, हे आधी हाताला कळलेले असावे लागते. उणीव वेगळीच आहे : या जॉबला गिऱ्हाईक नसते. तो कधी द्यायचा, कितीला पडला, दुसऱ्याने केलेल्या भागात का बसत नाही, हे प्रश्नच उभे राहत नाहीत.

अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठाने 1994 च्या सुमारास 'लर्निंग फॅक्टरी' उभारली, ती हीच उणीव हेरून. तिथे उद्योगांनी आणलेल्या अडचणींवर विद्यार्थी काम करतात. जर्मनीत डार्मस्टाट येथे 2007 पासून विद्यार्थी खरा न्यूमॅटिक सिलिंडर घडवतात आणि जोडतात, आणि वेळ कुठे वाया जातो ते स्वतः शोधतात. इतके दूर जायचेही कारण नाही. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये प्रशिक्षण आणि कारखान्यांसाठी डाय-मोल्ड बनवणे एकाच आवारात चालते.

केंद्राने 2025 मध्ये एक हजार आयटीआयच्या सुधारणेसाठी 60,000 कोटी रुपयांची योजना मंजूर केली : 200 मोठी केंद्रे आणि त्यांना जोडलेल्या 800 संस्था. पैसा मोठा आहे. पण यंत्र एकदाच विकत घ्यावे लागते. टूल-बिट, कूलंट, दुरुस्तीचा करार आणि शिल्पनिदेशकाचे फेरप्रशिक्षण यांचा खर्च दरवर्षीचा. तो धरला नाही, तर नवे यंत्र आच्छादनाखालीच राहते. मोठ्या शहरात निदान शेजारचा कारखाना हाकेला येतो. तालुक्याच्या गावाने काय करावे?

नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरपुरते उत्तर मिरचीत आहे. इथल्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, आणि तिचे वाळवण बरेचसे उन्हावर अवलंबून असते. लहान वाळवणयंत्र बनवायला घेतले, तर वेल्डरला सांगाडा, फिटरला ट्रे आणि झडपा, इलेक्ट्रिशियनला पंखा व तापमान-नियंत्रण असे काम वाटून जाते. आर्द्रतेचा सेन्सर आणि त्याचा प्रोग्राम पदविकेच्या विद्यार्थ्याकडे. हंगामात यंत्र बिघडले की शेतकरी दारात येईल, आणि तपासणी तेव्हा खरी होईल.

देठ काढायच्या यंत्राची गोष्ट निराळी. मिरची सातऱ्यावर, म्हणजे मिरचीचे देठ काढायच्या जागेवर, बसून देठ खुडणाऱ्या बायांची मजुरी या खुडण्यावरच आहे. त्यामुळे ते यंत्र हाती घेण्याआधी त्यांच्याशी बोलणे हाही अभ्यासक्रमाचाच भाग धरावा लागेल, आणि तोवर बसायची बैठक, धूळ ओढणारा पंखा, वजनाची सोय एवढ्यावरही एका तुकडीचे वर्षभराचे काम निघते.