आंघोळीच्या पाण्याचा हिशेब



वैशाखाच्या उकाड्यात आम्ही थंडीवर बोलायला उभे राहिलेले पाहून आपल्याला हसू येईल. पण पापड, मसाले, लाकूडफाटा ही पावसाळ्याची बेगमी आपण याच दिवसांत करतो. थंडीचीही बेगमी आत्ताच करावी, एवढेच सांगण्यासाठी आम्ही आलो आहोत.

युरोपात हिवाळ्यात सारे घर तापवावे लागते. 2022 साली युक्रेनचे युद्ध सुरू होऊन तिकडे गॅसचे भाव भडकले, तेव्हा इंग्लंडातल्या गरीब घरांपुढे खोली तापवावी की पोट भरावे असा प्रश्न उभा राहिला. आपल्याकडे तशी पाळी येत नाही. निफाडला कितीही गारठा पडला तरी माणूस घोंगडी पांघरून रात्र काढतो. आपल्याकडे तापवायचे असते ते पाणी. तेव्हा आपला हिवाळ्याचा खर्च न्हाणीघरात शोधला पाहिजे.

आकडेमोड आम्ही शाळेत शिकलो नाही. महागाई भत्त्याच्या वाटाघाटींत शिकलो. तोच हिशेब येथे लावू. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. 15 लिटरांची बादली 15 अंशांवरून 40 अंशांवर न्यायला 375 लागतात. विजेच्या एका युनिटात 860 किलोकॅलरी असतात. म्हणजे बादलीला जवळजवळ अर्धे युनिट! पाच माणसांच्या घरात महिन्याला 65 युनिटे नुसत्या आंघोळीची. आपल्या राज्यात घरगुती विजेचा दर 100 युनिटांनंतर चढतो. एरवी त्या रेषेच्या आत राहणारे घर थंडीत पलीकडे जाते. गॅसवर पाणी तापवले, तर रोज सुमारे पाव किलो गॅस जातो आणि 14.2 किलोचा सिलिंडर दोन महिन्यांच्या आत आंघोळीतच संपतो.

पाण्याला लागणारी उष्णता काही कमी होणार नाही. वाया जाणारी मात्र वाचवता येते. आपला जुना तांब्याचा बंब पाहा. विस्तव मधल्या नळीत आणि पाणी चारी बाजूंनी, त्यामुळे बरीचशी आच पाण्यालाच मिळते. उघड्या पातेल्याखालची आच कडेने निघून जाते, आणि झाकण नसेल तर वाफेतूनही जाते. गिझर दिवसभर चालू ठेवला तर तो निवत राहतो आणि आपण पैसे भरत राहतो. कढत पाणी करून बादलीभर विसण घालण्यापेक्षा बेताचे तापवावे, आणि आंघोळी एकापाठोपाठ एक उरकाव्यात.

पण काटकसर जिवावर उदार होऊन करू नये. बंद खोलीत कोळशाची शेगडी, किंवा वारा न खेळणाऱ्या न्हाणीघरात गॅसचा गिझर, यांतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला ना रंग, ना वास. माणूस झोपेतच जातो. तीच गोष्ट विजेच्या कांडीची. बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय बादलीत हात घालू नये.

आता एक आठवण सांगतो. 1996 सालच्या हिवाळ्यात आमच्या कारखान्याला टाळे लागले होते. फाटकावरच्या सभेत आम्ही भाकरीवर तावातावाने बोलत होतो. एक बाई उठून म्हणाली, "भाऊ, कागदात भाकरी लिहिलीत. पाणी तापवायचं कुठं लिहिलंय? पहाटे चारला उठून आम्ही सरपण धुंडतो, ते कुणाच्या हिशेबात?" आम्ही निरुत्तर झालो. इतकी वर्षे कामगाराचा खर्च मांडत आलो, पण त्याच्या घरातली चूल आम्हांला दिसली नव्हती. पुढे त्या बायकांनीच मार्ग काढला. चार घरांचे सरपण एकत्र करून अंगणात एकच बंब पेटवला. पहिली आंघोळ कोणाची, यावरून भांडणे झाली, नाही असे नाही. पण चार ठिकाणी चार विस्तव नव्याने पेटवण्याचे सरपण वाचले, आणि प्रत्येकीला चार दिवसांतून एकदाच पहाटे उठावे लागले.

आज तो बंब छपरावर जाऊ शकतो. 100 लिटरांच्या सौर बंबाला सुमारे दोन चौरस मीटर जागा लागते, आणि विसण घातल्यावर पाच माणसांच्या घराला त्याचे पाणी पुरते. ऊन ऐन हिवाळ्यातच स्वच्छ असते. मग तो गरिबाच्या डोक्यावर का दिसत नाही? कारण छप्पर मालकाचे आणि बिल भाडेकरूचे. ज्याने खर्च करायचा त्याला फायदा नाही, आणि ज्याला फायदा त्याचा छपरावर अधिकार नाही. पुण्यासारख्या महानगरपालिका सौर बंबासाठी घरपट्टीत सवलत देतात. ती मिळते मालकाला. तेव्हा वीस बिऱ्हाडांनी एकत्र बसावे, वर्गणीचा आकडा ठरवावा, मालकाला सवलतीचा कागद दाखवावा आणि छपराची परवानगी लेखी घ्यावी. एकट्या भाडेकरूला मालक दारातून परत पाठवील. वीस जणांना बसायला सतरंजी घालावी लागते, हा आमचा आयुष्यभराचा अनुभव आहे.

पातेल्यावर झाकण आज रात्रीच घालता येईल. छपराचे बोलणे मात्र याच उन्हाळ्यात सुरू करा, म्हणजे दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला घरातल्या बाईला पहाटे चारला उठावे लागणार नाही.