नकाशाच्या मेजावरून रहस्यकथेकडे

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले शाळामास्तर. पांडित्याचा आव आम्हांस शोभणार नाही. परंतु अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या आपल्या किनाऱ्यावर चिऱ्याची घरे बांधणारी आणि नकाशे काढणारी तरुण मंडळी पुष्कळ आहेत. म्हणून त्याच धंद्यातून निघून कादंबरीकार झालेल्या एका पुरुषाचे चरित्र आपणांपुढे मांडतो.

थॉमस हार्डी यांचा जन्म २ जून १८४० रोजी इंग्लंडातील डॉर्सेट परगण्यात, एका खेड्यात झाला. वडील गवंडीकाम करीत व लहानसहान बांधकामे घेत. १८५६ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, ते डॉर्चेस्टर येथे जॉन हिक्स या वास्तुविशारदाकडे उमेदवारीस राहिले. १८६२ साली लंडनला जाऊन आर्थर ब्लूमफील्ड यांच्या कचेरीत लागले. पुढच्याच वर्षी रंगीत विटांच्या उपयोगावरील निबंधाबद्दल त्यांस वास्तुविशारदांच्या संस्थेचे पदक मिळाले.

याच कचेरीत त्यांच्यावर एक विलक्षण कामगिरी आली. सेंट पँक्रस येथील जुन्या दफनभूमीतून रेल्वेचा मार्ग जावयाचा होता. प्रेते हलविण्याच्या कामावर संध्याकाळच्या वेळी देखरेख ठेवण्यास हार्डींना पाठवीत. एके दिवशी एक शवपेटी फुटली. आत सांगाडा एक, आणि कवट्या दोन! असा प्रसंग ज्याच्या दृष्टीस पडला, त्याने रहस्यकथा लिहावी यात नवल ते काय?

त्यांची पहिली कादंबरी प्रकाशकांनी परत केली. ती वाचून जॉर्ज मेरेडिथ या ज्येष्ठ लेखकाने सल्ला दिला की, कथानक अधिक गुंतागुंतीचे असावे. त्याबरहुकूम हार्डींनी ‘डेस्परेट रेमेडीज’ ही कादंबरी रचिली. आरंभीच एक वास्तुविशारद मनोऱ्यावरून पडून मरतो. पुढे आग, खून आणि तपास. ती १८७१ साली निनावी प्रसिद्ध झाली, आणि त्यासाठी हार्डींना ७५ पौंड पदरचे भरावे लागले. ‘स्पेक्टेटर’ पत्राने तिच्यावर इतकी कठोर टीका केली की, ती वाचून मरण येईल तर बरे असे त्यांस वाटले.

तरी त्यांनी नकाशाचे मेज एकदम सोडिले नाही. १८७२ साली ते लंडनच्या शाळांचे आराखडे काढीत होते. १८७० साली एका चर्चच्या दुरुस्तीनिमित्त कॉर्नवॉलला गेले असता त्यांची एमा गिफर्ड यांच्याशी गाठ पडली होती. त्या बाईंनी हस्तलिखिताची स्वच्छ नक्कल करून दिली आणि लेखन सोडू नका असा धीर दिला. १८७४ साली ‘फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड’ने नाव झाले आणि त्याच वर्षी उभयतांचा विवाह झाला. पुढे १८८५ साली हार्डी स्वतःच आखलेल्या घरात राहावयास गेले. ११ जानेवारी १९२८ रोजी त्यांचे निधन झाले.

आता आमच्या एका अपराधाची कबुली. तीस वर्षांमागे आमच्या वर्गात एका गवंड्याचा मुलगा होता. वहीच्या पाठीमागील पानांवर तो बंद वाड्यातील खुनाची गोष्ट लिही, आणि सोबत वाड्याचा नकाशाही काढी. कोणता दरवाजा कोठे उघडतो हे अचूक दाखवी. आम्ही ती पाने साऱ्या वर्गादेखत फाडली. आमच्या स्वतःच्या पेटीत मात्र तेव्हाही बाबुराव अर्नाळकरांची पुस्तके होती!

तो मुलगा पुढे उत्तम ड्राफ्ट्समन झाला. गतवर्षी आमच्या पडवीची भिंत खचली, तेव्हा स्वतः येऊन त्याने मापे घेतली, नकाशा काढून दिला आणि एक पैसाही घेतला नाही. आम्ही भीतभीतच विचारले, “अजून काही लिहितोस का रे?” तो हसून म्हणाला, “नाही गुरुजी. ते त्या दिवशीच संपलं.” त्याच्या स्वरात राग नव्हता, म्हणूनच ते शब्द आम्हांस अधिक लागले.

हार्डींना मेरेडिथ भेटले, एमा भेटल्या. आमच्या विद्यार्थ्यास आम्ही भेटलो.

बंधुभगिनींनो, मुलाने धंदा सोडावा असे आमचे म्हणणे नाही. हार्डींनीही तो घाईने सोडिला नाही. परंतु वहीच्या मागील पानांवर काय आहे ते फाडण्यापूर्वी एकवार वाचावे, एवढीच विनंती. मंडळाच्या विद्यार्थी-साहाय्य निधीतून गुणांच्या बक्षिसाबरोबर स्वतंत्र लेखनासही एक बक्षीस ठेवावे, अशी सूचना मांडतो. त्यासाठी आमच्या निवृत्तिवेतनातील एक महिन्याची रक्कम आज चिटणिसांच्या स्वाधीन करीत आहोत.