लहान मुलांचा मलावरोध



आजचा विषय दिवाणखान्यांत काढण्यासारखा नव्हे. तथापि ज्या घरांतील दोन-तीन वर्षांच्या मुलाला चार-चार दिवस शौचास होत नाहीं, त्या घरांत दिवाणखान्यापासून स्वयंपाकघरापर्यंत दुसरा विषयच निघत नाहीं, हें पुष्कळांच्या अनुभवाचें असेल. मी वैद्य नाहीं आणि डॉक्टरही नाहीं. मॅट्रिकपर्यंत शिकलेला व पुढें जन्मभर मुलांत वावरलेला एक शाळामास्तर आहें. बालरोगतज्ज्ञांनीं जें सांगून ठेवलें आहे तें समजावून घेऊन घरगुती भाषेंत आपणांपुढें मांडावें, एवढाच माझा अधिकार.

मलावरोध कशाला म्हणूं नये तें आधीं पाहूं. अंगावर पिणारें तान्हें मूल पहिल्या महिन्यांत दिवसांतून अनेक वेळां शी करतें; तेंच मूल दीड-दोन महिन्यांचें झालें कीं चार-चार, कधीं सात दिवसही शी करीत नाहीं. घरांत घबराट उडते. परंतु मूल नीट पीत असेल, वजन वाढत असेल, पोट मऊ असेल आणि अखेर होणारी शी मऊ असेल तर तो मलावरोध नव्हे. दुसरा प्रकार असा कीं, तीन-चार महिन्यांचें मूल दहा-दहा मिनिटें लालबुंद होऊन कुंथतें, रडतें, आणि मग होते ती मऊच शी. पोटाचा जोर लावणें व त्याच वेळीं गुदद्वार सैल सोडणें या दोन क्रियांचा मेळ त्याला अजून साधलेला नसतो. कांहीं आठवड्यांत तें आपलें आपण शिकतें. विड्याच्या पानाचा देठ एरंडेलांत बुडवून लावणें किंवा साबणाची काडी घालणें हे आपल्याकडील जुने उपाय. पण साबणानें आंतली नाजूक त्वचा पोळते, आणि रोज बाहेरून चेतना मिळूं लागली म्हणजे मुलाचें शिकणें लांबणीवर पडतें. गुरुजींनीं उत्तर सांगून टाकलें कीं विद्यार्थी गणित करावयाचें थांबवितो, तसेंच हें.

गुटी व मध यांविषयीं मात्र थोडें कठोर बोललें पाहिजे. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धां नको, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. मग सहाणेवर उगाळलेल्या मुळ्यांची गोष्ट दूरच. आणि मध तर वर्षाच्या आंत मुळींच चाटवूं नये. मधांत बॉट्युलिझम नांवाच्या रोगाच्या जंतूंचीं बीजें असूं शकतात. मोठ्या माणसाला त्यांची बाधा होत नाहीं, परंतु तान्ह्याच्या आंतड्यांत तीं रुजून विष उत्पन्न करतात, आणि अंग लुळें पडत जातें. या रोगाचें पहिलें लक्षण पुष्कळदां मलावरोधच असतें! शौचास साफ व्हावें म्हणून चाटविलेला मध कोठवर नेऊं शकतो, हें यावरून ध्यानांत येईल.

जेथें क्षणाचाही विलंब करूं नये अशीं कांहीं लक्षणें आहेत. जन्मल्यानंतर ४८ तासांत बाळाला काळी चिकट शी न होणें, पहिल्या महिन्यांतच मलावरोध सुरू होणें, हिरवी ओकारी, फुगून ताठ झालेलें पोट, न वाढणारें वजन, पायांत अशक्तपणा, पाठीच्या कण्याच्या तळाशीं खळगा किंवा केसांचा झुबका. कोपनहेगन येथील डॉ. हिर्शस्प्रुंग यांनीं १८८६ सालीं ज्या विकाराचें वर्णन केलें, त्यांत मोठ्या आंतड्याच्या शेवटच्या भागांत मज्जापेशीच नसतात आणि शस्त्रक्रियेवांचून गत्यंतर नसतें. असे विकार विरळा. मलावरोध झालेल्या शंभरांतील नव्वदांहून अधिक मुलांच्या शरीरांत असा कांहींच दोष सांपडत नाहीं.

मग दोष असतो कोठें? माझ्या मतें मुलाच्या भीतींत, आणि ती भीति न ओळखणाऱ्या आपल्या डोळ्यांत.

आईचें दूध तुटून वरचें अन्न सुरू झालें, किंवा चड्डी खराब न करण्याची शिस्त लागली, किंवा बालवाडी सुरू झाली, अशा एखाद्या वेळीं, तापानंतर किंवा प्रवासांत, मुलाला एकदां खडा होतो. तो दुखवितो, कधीं गुदद्वाराला चीर पडून रक्ताचा थेंबही दिसतो. मूल तेथेंच निश्चय करतें कीं पुन्हां असें होऊं द्यावयाचें नाहीं. दुखलें म्हणून तें धरून ठेवतें. धरून ठेवलें म्हणून आंतडें त्यांतील पाणी शोषून घेतें. पाणी गेलें म्हणून मळ आणखी कठीण व आणखी मोठा होतो. आणि तो बाहेर पडतांना पहिल्याहून अधिक दुखतें. मुलाचा तर्क शंभर टक्के बरोबर ठरतो, आणि निश्चय दृढ होतो.

आमच्या ओळखीच्या एका घरीं तीन वर्षांचा मुलगा होता. तो कपाटाआड जाऊन, पडदा घट्ट धरून, चवड्यांवर उभा राही; पाय एकमेकांवर आवळलेले, चेहरा लाल, कपाळावर घाम. घरचे सर्व म्हणत, “बिचारा किती कुंथतो आहे!” तो कुंथत नव्हता, तो आलेली शी परत लोटीत होता. ही एक गोष्ट डॉक्टरीणबाईंनीं त्याच्या आईला दाखवून दिली, तेव्हां दर रविवारच्या एरंडेलानें काय साधत होतें तेंही तिला कळलें: आठवड्यांतून एकदां पोटांत कळा, आणि उरलेले सहा दिवस त्या कळांची धास्ती.

असें महिनोन् महिने चाललें म्हणजे गुदाशय ताणून रुंद होतो आणि भरल्याची जाणीवच पुढें पुढें होत नाहीं. सांचलेल्या कठीण मळाच्या कडेनें पातळ मळ झिरपून चड्डी खराब होते. आईबापांस वाटतें, हगवण लागली. त्याहून वाईट म्हणजे वाटतें, हा मुद्दाम करतो. या कारणासाठीं मार खाल्लेलीं मुलें मीं शाळेंत पाहिलीं आहेत. जें झाल्याचें मुलाला स्वतःलाच कळत नाहीं त्यासाठीं त्याला शिक्षा करणें याला शिस्त म्हणत नाहींत.

आतां उपाय. प्रथम सांचलेला मळ काढावा लागतो आणि मग मळ पुन्हां कठीण होणारच नाहीं अशी तजवीज दीर्घकाळ ठेवावी लागते. यासाठीं पॉलिएथिलीन ग्लायकॉल किंवा लॅक्ट्यूलोज अशीं औषधें डॉक्टर देतात. तीं मळांत पाणी धरून ठेवतात. त्यांची चटक लागत नाहीं. मात्रा डॉक्टरांनींच ठरवावी. सुशिक्षित घरांत चूक होते ती येथेंच: आठ दिवस साफ झालें कीं बाटली फडताळांत जाते आणि पंधराव्या दिवशीं पहिले पाढे पंचावन्न. निदान दोन महिने औषध द्यावें, आणि सर्व लक्षणें जाऊन महिना लोटल्यावर हळूहळू कमी करावें, असा तज्ज्ञांचा अभिप्राय आहे. पुष्कळ मुलांना त्याहूनही अधिक महिने लागतात. ताणलेला गुदाशय पूर्ववत् व्हावयाचा असतो आणि भीति विसरावयाची असते. दोहोंनाही वेळ लागतो.

जेवणानंतर पोटांत अन्न पडलें कीं मोठें आंतडें आपोआप चाळवतें. म्हणून न्याहारीनंतर व रात्रीच्या जेवणानंतर पांच-दहा मिनिटें मुलाला बसवावें. कमोडवर बसविल्यास पाय अधांतरीं लोंबतात व जोर लावतां येत नाहीं. पायांखालीं पाट किंवा डबा ठेवून गुडघे कमरेपेक्षां किंचित् वर येतील असें करावें. गोष्ट सांगावी, फुंकर मारून फुगा फुगवावयास द्यावा. मोबाईल नको, कारण त्यांत मूल आपण कशासाठीं बसलों तेंच विसरतें. शाबासकी बसल्याबद्दल द्यावी, शी झाल्याबद्दल नव्हे. मूल फारच भेदरलें असेल तर कांहीं महिने डायपरच बांधावें आणि शिस्तीचा पाठ पुढें ढकलावा.

आहाराबद्दल फार सांगण्याजोगें नाहीं. वरणभात, पालेभाजी, पपई, भिजवून कुस्करलेल्या काळ्या मनुका, आणि तहानेपुरतें पाणी. पाणी घशांत ओतल्यानें मळ मऊ होत नाहीं. वर्षापुढील मुलाला दिवसाला अर्धा लिटर दूध पुष्कळ झालें. लिटरभर दूध व बिस्किटें यांवर वाढणाऱ्या मुलाला भाजीपोळीची भूक उरतेच कोठें?

शाळेबद्दल दोन शब्द माझ्या हक्काचे. बालवाडींत नांव घालतांना पालक खेळणीं पाहतात, भिंतींवरील चित्रें पाहतात. शौचकूप पाहणारा पालक मला क्वचित्‌च भेटला. तो अवश्य पाहावा. पाणी आहे कीं नाहीं, दाराची कडी मुलाच्या हाताला येते कीं नाहीं, बरोबर जाणारी बाई प्रेमळ आहे कीं नाहीं, हें विचारावें. आणि बाईंना सांगून ठेवावें कीं आमच्या मुलानें दोन बोटें वर केलीं तर त्याला “मघांशीं कां नाहीं गेलास?” असें न विचारतां लगेच सोडा. सकाळीं न्याहारी व शाळेची गाडी यांमध्यें वीस मिनिटें तरी मोकळीं राहतील इतक्या लवकर घर उठवणें, हें काम मात्र बाईंचें नव्हे. तें तुमचें आहे.