अग्निशामक जवानांची तालीम



१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या, तशीच स्फोटक द्रव्येही होती. त्या स्फोटांत आग विझविण्यास गेलेले ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर पाळला जातो.

शहराच्या दलात दाखल झालेला तरुण प्रथम पाणी मारावयास शिकत असेल, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः पाण्याची नळी उलगडणे व जोडणे, शिडी उभारणे, माणसास खांद्यावर घेऊन उतरणे, हीच कामे त्याच्याकडून दिवसेंदिवस करवून घेतात. कंटाळा यावा इतकी! मग धुराची खोली येते. तप्त धूर वर चढतो, जमिनीलगतची हवा त्यामानाने बरी असते. म्हणून रांगत जावयाचे. भिंतीवरचा हात सोडावयाचा नाही, कारण परतीची वाट तीच. आत किती गेले, याची मोजदाद बाहेरचा एकजण ठेवतो.

सेनगाव तालुक्यातील साखऱ्यासारख्या गावी बंब दुरून यावयाचा. तोवर मुले शिक्षकाच्याच स्वाधीन. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेच्या स्वयंपाकघरातील आग गवती छपरास लागली आणि ९४ बालके दगावली. दुपारचा आहार शाळेतच शिजत असल्याने ही गोष्ट दूरची मानता येत नाही.

जवानांच्या तालमीतील मोजदाद तरी शाळेने उचलावी. महिन्यातून एकदा, पूर्वसूचना न देता, घंटा व्हावी. शिक्षकाने हजेरीपट घेऊन मुलांना रांगेने पटांगणात न्यावे. हजेरीचा आकडा पटांगणातील आकड्याशी जुळेपर्यंत कोणासही घरी सोडू नये.